अम्मांचं मत

आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळानं तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, हे आम्ही फार पुढं वाचलं. डिंगोऱ्यात तेव्हा आम्हा भावंडांना एवढंच कळत होतं, की आपण पाच आहोत. माळशेजच्या रस्त्याला जीप दिसली की अब्बा बाजरीत शिरत. खेळ समजून आम्हीही मागोमाग.

मार्च १९७७ मध्ये मतदान आलं. भीती एकीकडे, सवय एकीकडे, अब्बांनी सांगितलं, "शिक्का गाय-वासरावरच." अम्मा शाईचं बोट पदराखाली धरून परतल्या. अब्बांनी दोनदा विचारलं.

"गहू काढायला आलाय," अम्मा म्हणाल्या आणि विळा शोधू लागल्या.