काकांचा अग्निबाण

दिवाळीच्या झाडलोटींत सदाशिव पेठेंतील आमच्या घराच्या माळ्यावर काकांच्या ट्रंकेंत एक लाकडी अग्निबाण सांपडला. हातभर उंच, रंगाचे पोपडे निघालेला. काका त्रिवेंद्रमच्या अवकाश केंद्रांत नोकरीस होते. "हा रोहिणी उपग्रह नेणारा १९८० चा बाण!" असा निवाडा अप्पांनीं देऊन टाकला आणि डागडुजी माझ्याकडे आली.

काचकागदानें घासतां घासतां तळाशीं दोन्ही अंगांस समोरासमोर दोन भोकें दिसलीं. तीं लांबीनें बुजविणार, तोंच हात थांबला. १८ जुलै १९८० रोजीं यशस्वी झालेल्या एस्.एल्.व्ही.-३ चे चारही टप्पे एकावर एक होते. बाजूस कांहीं नव्हतें. शिवाय या बाणाचें डोकें फुगीर. दोन अंगांस दोन बाण आणि फुगीर डोकें, हें तर त्याच्या धाकट्या भावाचें, ए.एस्.एल्.व्ही. चें रूप! २४ मार्च १९८७ रोजीं त्याचे बाजूचे बाण जळून गेले, पण मधला पेटलाच नाहीं. १३ जुलै १९८८ चें उड्डाणही फसलें. उपग्रह कक्षेंत पोंचला तो २० मे १९९२ रोजीं. काका त्यापूर्वीं दोन वर्षें निवृत्त झाले होते.

काकूंना विचारलें. "सत्त्याऐंशी सालीं घरीं आले ते दोन दिवस जेवले नाहींत," एवढेंच त्या म्हणाल्या.

मग कातारीकडून दोन सागवानी बाण करवून घेतले. जुना रंग जेथें टिकला होता तेथें तसाच ठेवला. अप्पा पाहुण्यांस तो अजून "१९८० चा" म्हणूनच दाखवितात, स्वयंपाकघरांतून काकूंचा आवाज येतो, "सत्त्याऐंशीचा!"