'स्पेलबाउंड'मधली डॉक्टरीणबाई

हिचकॉकचा १९४५ सालचा 'स्पेलबाउंड' आमच्याकडे सगळ्यांनी मिळून पाहिला आणि पुढे दोन दिवस घरात त्यावरून वाद रंगला. ह्यांचं म्हणणं, "रहस्य ठीक आहे, पण मनोविश्लेषण म्हणजे पोरखेळ! एक स्वप्न सांगितलं की खुनी सापडला!" धाकट्या जाऊबाईंना मात्र साल्वादोर दालीने रचलेलं ते स्वप्नच भारी आवडलं. पडद्यांवर डोळेच डोळे, नि ते पडदे भल्यामोठ्या कात्रीने कापणारा माणूस!

ह्यांचं अगदीच खोटं नाही. मनाचं दुखणं इतक्या झटपट बरं होत नसतं. पण मला विचाराल तर इन्ग्रिड बर्गमनची डॉक्टर कॉन्स्टन्स पाहावी. सुरुवातीला बरोबरचे पुरुष डॉक्टर तिला थंड म्हणून चिडवतात. प्रेमात पडल्यावर तिचे म्हातारे गुरुजी म्हणतात, आता हिची बुद्धी चालायची नाही. म्हणजे दोन्हीकडून बाईच चुकली! आणि खरा खुनी शोधून काढते कोण? तीच. समोर पिस्तूल रोखलेलं, पण बाई आवाजसुद्धा न चढवता बोलत बोलत खोलीबाहेर पडते.

तिचा रुग्ण ग्रेगरी पेक. पांढऱ्यावर समांतर रेघा दिसल्या की त्याला घाम फुटतो. कॉन्स्टन्स जेवणाच्या टेबलावर सहज काट्याने चादरीवर रेघा ओढते, तर हा भडकतोच. पुढे कळतं, लहानपणी खेळताना त्याच्या हातून धाकटा भाऊ गेला होता. अपघातच तो, पण 'मीच मारलं' ही गाठ मनात बसलेली.

हा प्रसंग आला तशा सासूबाई उठून आत गेल्या. त्यांना ब्याऐंशीवं चालू आहे, कंबर धरली असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "अगं, त्या पोराला निदान कुणीतरी विचारलं तरी." मग हळूहळू सगळं निघालं. त्या नऊ वर्षांच्या असताना धाकट्या भावाला सांभाळायला दिलं होतं. ह्या सागरगोटे खेळत राहिल्या नि तो विहिरीत पडला. कुणी रागावलं नाही, कुणी जवळही घेतलं नाही. घरात त्याचं नाव काढणंच बंद झालं.

संध्याकाळी हे ऑफिसातून आल्यावर त्यांनी ह्यांनाही सांगितलं. आपल्याला आणखी एक मामा होता, हे ह्यांना तेव्हा कळलं.