बाबांची मस्कट

माझे बाबा पोलिसात शिपाई होते. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला बंदुका दोनच ठाऊक. पाटलांच्या भिंतीवर टांगलेली ती बारा बोर आणि पोलिसाच्या खांद्यावर दिसते ती थ्री नॉट थ्री. त्यामुळे बाबांच्या खांद्यावरचीही थ्री नॉट थ्रीच, आणि ती एक कोस मारते, हे गावातल्या पोट्ट्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाबा सुटीवर आले की म्हातारेसुद्धा विचारायचे, "हवालदार, बंदूक नाई आणली काय?" बाबा हसून म्हणायचे, "ते सरकारची हाय बाप्पा. आपली फक्त टोपी."

ती थ्री नॉट थ्री नव्हती, हे मला 1970 च्या सुमाराला कळलं. तेव्हा मी सातवीत होतो. बाबांची ड्यूटी तालुक्याच्या गावी ट्रेझरी गार्डला होती आणि मी दुपारचा डबा घेऊन जायचो. एकदा बाबा बंदूक साफ करत बसले होते. दस्त्याच्या मागे पितळेचं बारीक झाकण असतं. ते उघडून त्यांनी आतली दोरी आणि तेलाची कुपी काढली, दोरीला चिंधी बांधली आणि नळीतून ओढली. मग बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली नि म्हणाले, "हे पाय. काय दिसते?"

"काईच नाई. गुळगुळीत हाय."

"तेच तर. थ्री नॉट थ्रीत पाच पीळ असतात. डावीकडे वळत जातात. गोळी गरगर फिरत निंगते म्हणून सरळ जाते. याच्यातले पीळ काढून टाकले."

बाबांच्या हातात होती ती चारशे दहाची मस्कट. जन्माने ती फौजेचीच, ली-एन्फिल्ड रायफल. बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात अशा जुन्या फौजी रायफली पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी बदलल्या जात. मूळ नळीचं भोक 0.303 इंचाचं. ते कोरून 0.410 इंच करायचं, म्हणजे पीळ आपोआप गेले. मूळ मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात. तिथे लाकडाचा ठोकळा बसवायचा, म्हणजे एका वेळी एकच गोळी. काडतूसही थ्री नॉट थ्रीच्याच पितळी घराचं, पण पुढे निमुळतं न करता सरळ ठेवलेलं. ते थ्री नॉट थ्रीत शिरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक कळत नाही. तेच लाकूड, तोच बोल्ट, तेच चार किलो वजन. आतून मात्र तिचा जीव काढून घेतलेला.

एवढा खटाटोप का, याचा उलगडा मला पुढे वाचनातून झाला. इंग्रजांनी 1857 चा धडा घेतला होता. त्या उठावानंतर देशी पलटणींना दिलेल्या एन्फिल्ड बंदुकाही त्यांनी बिनपिळाच्या केल्या, म्हणजे गोऱ्या सोल्जराची बंदूक लांब मारेल आणि काळ्या शिपायाची जवळच पडेल. मस्कट हे त्याच विचाराचं नातवंड. ती दरोडेखोरांच्या हाती पडली, नाहीतर शिपायानेच फिरवली, तरी फौजेसमोर तिचं काही चालू नये. पुढे इंग्रज गेले, मस्कट राहिली. बंदूक कोणाच्या हाती द्यायची यावर तिचं भोक ठरतं, एवढं मी त्यातून शिकलो.

मस्कटीपेक्षा काडतुसांचा धाक मोठा होता. पहारा बदलला की पहिल्याने काडतुसं मोजून घ्यायची, सही करायची, मग पाणी प्यायचं. वर्षातून एकदा चांदमारी असायची. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी परत जमा करावी लागे. एक वर्षी एक पुंगळी गवतात हरवली, तर सगळी तुकडी उन्हात गुडघे टेकून संध्याकाळपर्यंत गवत चाळत होती. सापडली तेव्हा बाबांच्या शेजारचा शिपाई रडला म्हणे. बाबा सांगायचे, "गोळी कुठं लागली ते कोणी पुसत नाई. पुंगळी कुठं हाय, ते पुसतात."

इकडे गावात वावर मोठेबाबा पाहायचे, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. अर्ध्या वावरात पऱ्हाटी, बाकीच्यात ज्वारी आणि तूर, नाल्याकडच्या तुकड्यात भुईमूग. टिपेश्वरकडचं जंगल लांब नाही. भुईमुगाच्या शेंगा भरल्या की रात्री डुकरं उतरायची. त्यासाठी जागल. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, खाली शेकोटी, हातात गोफण आणि वाजवायला टिनाचा डबा. पाटलांच्या बारा बोरचा आवाज कधीमधी ऐकू यायचा, पण पाटलांचं काडतूस पाटलांच्याच वावरासाठी.

एका कार्तिकात मोठेबाबा माळ्यावरून खाली उतरले आणि धुऱ्याआडून डुक्कर थेट अंगावर आलं. मांडी उभी फाटली. सकाळी बंडीत घालून त्यांना पांढरकवड्याला आणलं. बाबा रात्रपाळी करून तसेच डगल्यावर दवाखान्यात आले. मस्कट आणि काडतुसं ट्रेझरीत मोजून देऊन आले होते. मोठेबाबा वेदनेत होते, तरी भावाला पाहून म्हणाले, "तू रातभर कोणाची जागल करत होता रे?"

"सरकारच्या पैशाची, दादा."

"तिथं डुकरं येतात काय?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. मोठेबाबा वाचले, पण पाय कायमचा आखडला. त्यानंतरची जागल मोठ्या आईने आणि माझ्या चुलतभावाने केली. बाबांनी रजा काढून आठ दिवस माळ्यावर काढले, हातात तोच टिनाचा डबा घेऊन. ज्या हातांत रोज सरकारची बंदूक, ते हात अंधारात डबा बडवत होते. आम्हा कोणालाच तेव्हा त्यात विचित्र वाटलं नाही. 1972 मध्ये वन्यजीवांचा कायदा आला आणि शिकारीचा प्रश्न कागदावर तरी मिटला. डुकरांना ते कोणी कळवलं नाही.

पुढे मी यवतमाळला कॉलेजात गेलो आणि एनसीसीत नाव घातलं. फायरिंगला हाती रायफल आली, पॉइंट टू टू, मार्क फोर. हात लावल्याबरोबर ओळख पटली. तीच पावणेचार फुटांची लांबी, तसाच बोल्ट, तेवढंच वजन. तीही फौजेच्या एन्फिल्डचंच रूप. मात्र मस्कटीत भोक मोठं केलं होतं, इथे ते बारीक होतं, बोटाच्या पेराएवढ्या स्वस्त गोळीसाठी. पोरांना नेम शिकवायला थ्री नॉट थ्रीची गोळी परवडत नाही. विलायतेतही हीच युक्ती करत. झिजलेली नळी कोरायची, आत पॉइंट टू टूची बारीक नळी बसवायची, आणि फौजेचं सामान शिकाऊंच्या कामी आणायचं. परेडच्या रायफली तर कायमच्या निकामी केलेल्या, नुसत्या खांद्याला. मी पाच गोळ्या झाडल्या. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "पुंगळ्या मोजल्या?"

1962 च्या युद्धानंतर फौजेत 7.62 च्या नव्या रायफली येत गेल्या आणि थ्री नॉट थ्री पोलिसांकडे उतरत गेल्या. मस्कटीचं काडतूस तर फक्त मस्कटीचं. दुसरं कोणी ते वापरत नाही, मग ते किती आणि कोणासाठी बनवायचं? बाबांच्या नोकरीच्या अखेरीला चांदमारीच्या गोळ्या कमी होत गेल्या. उरलेली काडतुसं जुनी होती, एखादं घोडा पडूनही उडत नसे. बंदूक लोखंडाची असते, शंभर वर्षं टिकते. काडतूस संपलं की ती काठी होते. बाबा अशी काठी घेऊन निवृत्तीपर्यंत पहारा देत राहिले.

2008 च्या नोव्हेंबरात मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला. टीव्हीवर रेल्वे पोलिसांच्या जुन्या थ्री नॉट थ्रींची चर्चा चालली होती. समोर मिनिटाला शेकडो गोळ्यांच्या वेगाने झाडणाऱ्या एके-47. सगळे त्या रायफलीला हसत होते. बाबा तेव्हा खाटेवरच असत. ते म्हणाले, "बंदुकीले नावं नोका ठेवू. त्या पोराच्या जवळ काडतुसं किती होते, अन् त्यानं वर्षात किती झाडले होते, ते पुसा."

आमच्या भागात नेमाची रायफल आली ती 2018 मध्ये, टी-1 वाघिणीसाठी. 13 माणसांचे मृत्यू तिच्या नावावर होते. 2 नोव्हेंबरच्या रात्री राळेगावच्या बाजूला, बोराटीच्या शिवारात ती मारली गेली. त्या दोन वर्षांत जागलीला जायला गडी मिळत नव्हते.

आता चुलतभावाच्या मुलाने वावराला सौर झटका मशीन लावलं आहे. काही जण तारांत सरळ लाइनचा करंट सोडतात. त्यात डुकरं मरतात, वाघ मरतात आणि माणसंही मरतात. रीतसर अर्ज केला तर डुक्कर मारायची परवानगी मिळू शकते, पण बंदुकीचा परवाना आणि काडतुसाचा खर्च लहान शेतकऱ्याने कुठून आणायचा? पुतण्या म्हणतो, "काका, मशीनची बॅटरी उतरली की पुन्हा आपला डबाच." यंदा भुईमूग कमी पेरला, तूर जास्त. डुकरं तुरीतही येतात. माळा अजून उभा आहे, बल्ल्या तेवढ्या नव्या घातल्या आहेत.