टाक्याचा हिशेब

पोलादाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून कडेने वितळलेल्या धातूचा टाका घातला, तर तो जोड किती ओढ सोसेल, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पाच मिनिटांत सोडवता येतो. मीही तो परीक्षेत सोडवला होता आणि त्याचे पूर्ण गुण मिळवले होते. तेच पाच मिनिटांचे गणित १९८३ साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, मी चुकवले. ती हकिगत आजवर घरातही सांगितलेली नाही.

चूक कुठे झाली हे कळण्यासाठी आधी गणित सांगायला हवे. वेल्डिंगचा टाका आडवा कापून पाहिला तर काटकोन त्रिकोणासारखा दिसतो. त्याच्या दोन सारख्या बाजू पट्ट्यांना चिकटलेल्या असतात आणि तिसरी, तिरकी बाजू उघडी असते. ८ मिलिमीटरचा टाका म्हणजे चिकटलेली बाजू ८ मिलिमीटर. पण जोर आला की टाका तुटतो तो त्याच्या सर्वांत अरुंद जागी, म्हणजे काटकोनाच्या कोपऱ्यातून तिरक्या बाजूवर टाकलेल्या लंबाच्या रेषेत. या जागेला पुस्तकात थ्रोट म्हणतात. आपण गळा म्हणू. गळा चिकटलेल्या बाजूच्या सुमारे ०.७ पट भरतो. म्हणून ८ मिलिमीटरचा टाका हिशेबात धरायचा तो ५.६ मिलिमीटरचाच. लांबीतही वजावट आहे. रॉड टेकवताना आणि उचलताना टोकांशी धातू नीट भरत नाही, खळगा राहतो. म्हणून एकूण लांबीतून टाक्याच्या आकाराची दुप्पट, येथे १६ मिलिमीटर, सोडून द्यायची. उरलेली लांबी गुणिले गळा, एवढेच क्षेत्र जोडाचे. पट्टी ओढली जात असली तरी या क्षेत्रावर धातू कातरल्यासारखा सरकून तुटतो, असे मानतात. आणि त्या काळच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोलादाच्या अशा टाक्यावर दर चौरस मिलिमीटरला ११० न्यूटनपर्यंतच भार मंजूर असे.

माळव्यातल्या एका सरकारी कर्मशाळेत माझी नेमणूक झाली होती. तेथे जड पंप उचलण्यासाठी छताच्या तुळईला एक लोंबती पट्टी जोडायची होती. पट्टी १०० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड. तिची मंजूर ताकद १५० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५ टन. जोड पट्टीइतकाच बळकट हवा, अशी वरिष्ठांची अट होती. आराखडा माझ्याकडे आला. मी ८ ला ११० ने गुणले, त्या ८८० ने दीड लाख न्यूटनांना भागले आणि १७१ मिलिमीटर हे उत्तर काढले. दोन बाजूंना वाटून, वर थोडे उदार होऊन, प्रत्येक बाजूला ९० मिलिमीटर टाका लिहिला. सही केली, तारीख घातली.

वेल्डिंग करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सारी कर्मशाळा त्यांना उस्ताद म्हणे. रोजंदारीवर होते, अक्षरओळख बेताची. पण टाका घालून झाल्यावर चिपिंग हातोडीने मळी झाडून त्यावर अंगठा फिरवीत, तेव्हा आपण काही वाचतो आहोत असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असे. त्यांनी आराखड्यातला आकडा कुणाकडून तरी वाचवून घेतला आणि मला म्हणाले, ‘‘साहब, पट्टी सौ की है। टाँका उससे छोटा कैसे चलेगा?’’

मी त्यांना हिशेब झालेला आहे असे सांगितले. तेवीस वर्षांचा पदवीधर ज्या सुरात सांगेल, त्याच सुरात सांगितले.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो टाका दोन्ही बाजूंना दीडशे मिलिमीटरचा. मला प्रथम राग आला. आराखडा मोडला म्हणून आला, की माझे ऐकले नाही म्हणून, हे तेव्हा मी स्वतःला विचारले नाही. जाब विचारण्यापूर्वी कागद पक्का असावा म्हणून रात्री घरी पुन्हा गणित मांडले, आणि दुसऱ्याच ओळीवर हात थांबला. गळा घेतलाच नव्हता. टोकेही वजा केली नव्हती.

शुद्ध हिशेब असा निघाला. ५.६ गुणिले ११० म्हणजे दर मिलिमीटर लांबीला ६१६ न्यूटन. माझ्या दोन टाक्यांतून टोके वजा जाता उरली लांबी १४८ मिलिमीटर, म्हणजे मंजूर ताकद जेमतेम ९१ किलोन्यूटन. हवी होती दीडशे. उस्तादांच्या टाक्याची भरत होती १६५. पुस्तक पुढे चाळले तेव्हा आणखी एक नियम दिसला: पट्टीच्या दोन कडांना टाके घालताना प्रत्येक टाक्याची लांबी त्या दोन टाक्यांमधल्या अंतराहून कमी असू नये. उस्तादांनी मला हिंदीत सांगितला होता तो हाच नियम.

मंजूर भारात राखीव बळ धरलेले असते. त्यामुळे माझा जोड पहिल्याच दिवशी तुटला असता, असे मी म्हणणार नाही. पण ते राखीव बळ पोलादातल्या उणिवांसाठी आणि न दिसणाऱ्या धक्क्यांसाठी ठेवलेले असते. अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणासाठी नव्हे. त्या पट्टीखाली रोज चार माणसे काम करीत असत.

पुढे वाचनात एक घटना आली. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा नॉर्वेचा तरंगता निवासी मंच उलटला आणि त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ दगावली. चौकशीत मूळ सापडले ते एका आडव्या आधारनळीवर बसवलेल्या लहानशा उपकरणाच्या बैठकीशी, तिच्या ६ मिलिमीटरच्या टाक्यात. तेथून सुरू झालेली भेग लाटांच्या माऱ्याने वाढत गेली, नळी तुटली आणि मंचाचा एक पाय निखळला. ती बैठक भार पेलण्यासाठी नव्हतीच, त्यामुळे तिच्या टाक्याला कुणी महत्त्व दिले नव्हते. हे वाचले त्या रात्री मला माझी ९० मिलिमीटरची ओळ पुन्हा दिसली.

हिशेबाची पद्धत आता बदलली आहे. २००७ च्या भारतीय मानकात धातूच्या अंतिम ताकदीला आधी तीनच्या वर्गमूळाने आणि मग सुरक्षिततेच्या गुणकाने भागतात. तो गुणक कारखान्यात घातलेल्या टाक्यासाठी १.२५ आहे आणि प्रत्यक्ष जागेवर, उन्हावाऱ्यात, शिडीवर उभे राहून घातलेल्या टाक्यासाठी १.५. टाका घालणारा माणूस कुठे आणि कसा उभा आहे, याची दखल सूत्राने घेतली, याचे मला फार समाधान वाटते. गळ्याचा ०.७ मात्र तसाच आहे.

आता राहिलेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी उस्तादांना जाब विचारला नाही. पण चूक माझी होती, असेही सांगितले नाही. आराखड्याची सुधारित प्रत काढली, त्यात १५० मिलिमीटर लिहिले आणि सही केली. वरिष्ठांनी ती पाहून ‘सुरक्षिततेकडे चांगले लक्ष आहे’ असे म्हटले. मी मान लववून ते घेतले. उस्ताद त्या वेळी दाराशी रॉड मोजीत होते. त्यांना कळले असावे. ते काही बोलले नाहीत. वर्षभराने रोजंदारीची माणसे कमी केली, त्यांत ते गेले. त्यांना थांबवून घ्यावे अशी शिफारस मी करू शकलो असतो. पण तिच्यात कारण लिहावे लागले असते.

त्यांचे नाव मला आठवते. ते येथे लिहावे असे वाटले होते. पण त्यासाठी त्यांना विचारायला हवे होते, आणि तेही राहून गेले. त्या सुधारित आराखड्यावर फक्त माझी सही आहे.