गंज लावून मिळेल



जगात लोक गंज काढण्यासाठी पैसे मोजतात. अस्मादिक गेली चार वर्षं गंज चढवण्यासाठी मोजत आहेत. आठवडाभर एका कंपनीच्या डेटाबेसची निगा राखायची आणि विकांताला तळघरात बसून पुठ्ठ्याला गंज लावायचा, असा आमचा पिट्सबर्गमधला कार्यक्रम. 'मिक्स्ड मीडिया' असं त्याचं भारदस्त नाव. म्हणजे कॅनव्हास, पुठ्ठा, कापड, तार, जुन्या किल्ल्या, घड्याळाची चक्रं, मोडीत निघालेल्या संगणकाचे सर्किट बोर्ड असं हाताला लागेल ते एकत्र चिकटवायचं, रंगवायचं आणि भिंतीवर टांगायचं. बायको याला 'भंगार' म्हणते. तीही आयटीतच असल्यामुळे तिचे शब्द नेमके असतात.

या भंगाराला एकजीव करणारी गोष्ट म्हणजे खोटा गंज. प्लास्टिकचं चक्र, पुठ्ठ्याची पट्टी आणि हिरवा सर्किट बोर्ड शेजारी ठेवले तर तिघं लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखे तीन दिशांना तोंडं करून बसतात. तिघांवर गंज चढवा, जन्मभर एकाच गोदामात पडून होते असं वाटतं. भेटणाऱ्यांपैकी बरेच जण "हे करतोस कसं?" म्हणून विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सामान साधं आहे. अ‍ॅक्रिलिक रंगाच्या पाच नळ्या: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, नारिंगी आणि थोडा काळा. पांढरा डिंक, स्पंजाचा तुकडा, पाण्याचा फवारा आणि शेवटी मॅट वार्निश. इथल्या हस्तकलेच्या दुकानांपैकी जोअ‍ॅन २०२५ मध्ये बंद झालं, पण हे सगळं मायकल्समध्ये किंवा ऑनलाइन सहज मिळतं. उरलेलं सामान स्वयंपाकघरात आहे. गंज हा नुसता रंग नाही, तो खरखरीत असतो. तो खरखरीतपणा आणायला डिंकात किंवा रंगात खायचा सोडा कालवतात, बारीक वाळू घालतात, नाहीतर दालचिनीची पूड. दालचिनी सगळ्यात झकास, कारण तिचा मूळ रंगच निम्मं काम करतो. फक्त त्या दिवशी घरभर पुलावाचा वास सुटतो आणि जेवायला पुलाव नसतो, त्यामुळे कुटुंबात असंतोष पसरतो.

आता कृती. आधी खरखरीत लेप ठिकठिकाणी लावून पूर्ण वाळू द्या. त्यावर बर्न्ट अंबरमध्ये जरासा काळा मिसळून सगळीकडे गडद थर. तो वाळला की स्पंजाने बर्न्ट सिएना. स्पंज कात्रीने कापू नका, हाताने फाडा, म्हणजे कडा वेड्यावाकड्या होतात. आणि घासायचं नाही, नुसतं टिपत जायचं. मग नारिंगी, पण हात आखडता ठेवून. अगदी शेवटी कडेकडेला यलो ऑकरचे थोडे ठिपके. ओघळ हवे असतील तर वस्तू उभी धरा, वरच्या कडेला पातळ रंग लावा आणि पाण्याचा फवारा मारा. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. जुन्या रंगाचे पोपडे उडाल्यासारखं दाखवायचं असेल तर गंजाच्या थरावर अधूनमधून व्हॅसलिनची बोटं लावा, वरून हिरवा किंवा निळा रंग द्या आणि वाळल्यावर पुसून काढा. व्हॅसलिन होतं तिथला रंग निघून येतो आणि खालचा गंज डोकावतो. वार्निश मात्र मॅटच घ्या. चकचकीत गंज जगात कुठे नसतो.

हा क्रम गडदाकडून फिक्याकडे का, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी जे पास होण्यापुरतं वाचलं होतं ते आता आवडीने वाचतो. गंज हा एक पदार्थ नाही, ते एकत्र कुटुंब आहे. लोखंडाला लागून, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो, तिथे काळा मॅग्नेटाइट. त्यावर पिवळट तपकिरी गोएथाइट, ज्याला जर्मन कवी ग्योटे याचं नाव दिलंय. आणि अगदी ताजा, भडक नारिंगी तो लेपिडोक्रोसाइट. म्हणजे गंज आतून बाहेर जसा रचला जातो तसेच आपण थर देत जातो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. म्हणून तो फुगतो आणि वरचा रंग उचलून फेकतो. सोडा घातलेला लेप हे त्याच फुगण्याचं सोंग.

खरा गंजही करता येतो. लोखंडी पत्रा साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, व्हिनेगर फवारून वाळू द्या, मग औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मीठ घालून ते फवारा. काही मिनिटांत डोळ्यांदेखत नारिंगी होतो. हे उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. ते मिश्रण झाकणबंद बाटलीत साठवू नका आणि ब्लीच तर आसपासही नको, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. अ‍ॅल्युमिनियम असा गंजत नाही आणि स्टेनलेसच्या वाट्याला जाऊ नये. डब्याच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो, तो आधी पॉलिशपेपरने घासून काढावा लागतो. पण नाटकाच्या सामानाला खरा गंज नको. तो कुणाच्या तरी पैठणीला लागतो आणि मंडळाच्या पुढच्या निवडणुकीचा मुद्दा होतो.

गंजाची आवड जोपासायला पिट्सबर्गसारखं गाव नाही. शहराच्या मधोमध ६४ मजली यू. एस. स्टील टॉवर उभा आहे, १९७० च्या सुमारास बांधलेला. त्याचा बाहेरचा सांगाडा कॉर-टेन पोलादाचा. तांबं, क्रोमियम, फॉस्फरस वगैरे घातलेलं हे पोलाद वरून गंजतं, पण तो थर घट्ट बसतो आणि आतल्या पोलादाचं रक्षण करतो. दिल्लीच्या सुमारे १६०० वर्षांच्या लोहस्तंभावरही असाच संरक्षक थर आहे आणि त्यातही फॉस्फरसचाच हात आहे, असं आयआयटी कानपूरचे प्रा. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. नदीकाठी कॅरी फर्नेसच्या दोन झोतभट्ट्या उभ्या आहेत. १९७८ मध्ये त्या विझल्या, २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरल्या. तिथल्या भिंतींकडे बघत मी तासन्‌तास काढलेत. गंजाचा एवढा मोठा ग्रंथ दुसरा नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. वय ७४. आई गेल्यापासून रत्नागिरीजवळच्या घरात एकटेच असतात. उभा जन्म एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून गेला. त्यांना टॉवर दाखवायला नेलं. बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी मोठी बिल्डिंग बांधली, आणि रंग द्यायला पैसे संपले?" कॉर-टेन समजावून सांगितलं. ऐकून घेतलं, पण पटलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं तारेचा ब्रश घेऊन गंजाशी मारामारी केली, त्याला गंज रक्षण करतो हे कसं पटावं?

इथे आलेल्या आईवडिलांचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. मग गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणी बोलत नाही, मुलगा-सून मीटिंगमध्ये आणि नात शाळेत. बाबांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं, गॅरेजमधले खिळे मापाप्रमाणे लावून झाले. मग ते खिडकीत बसायला लागले. ज्याचे हात कधी रिकामे बघितले नाहीत तो माणूस दुपारभर खिडकीत बसतो, तेव्हा पोटात तुटतं.

त्याच सुमारास मंडळाच्या दिवाळीच्या एकांकिकेसाठी कोकणातल्या घराचं जुनं गंजलेलं फाटक करायचं काम माझ्याकडे आलं. फोम बोर्डाचं, सहा फूट उंच, एका माणसाला उचलता येईल असं. मी ते काम बाबांच्या हवाली केलं. म्हटलं, "तुम्ही सांगा गंज कुठे लावायचा, मी लावतो."

आधी त्यांनी रंगाची नळी हातात घेतली. "हे सिएना काय?" म्हटलं, इटलीतल्या सिएना गावची माती, भाजलेली. रंग येतो तो आयर्न ऑक्साइडमुळे. भाजली की त्यातलं पाणी उडतं आणि पिवळ्याची लाल होते. आपला गेरू, तुळशीवृंदावनाला लावायची काव, सगळं त्याच घराण्यातलं. बाबा क्षणभर थांबले. "म्हणजे रेड ऑक्साइडच की!" आणि मोठ्याने हसले. रेड ऑक्साइडचा डबा हा आमच्या घरातला देवाच्या खालोखाल महत्त्वाचा मेंबर होता. "चाळीस वर्षं मी गंज लागू नये म्हणून गंजच लावत होतो म्हणायचा!" खरंच आहे ते. त्यातलं लोखंड आधीच पूर्ण गंजून शांत झालेलं असतं, त्याला आणखी काही व्हायचं नसतं. पाणी अडवायचं काम रंगाचा थर आणि त्यातले जस्ताचे क्षार करतात.

मग त्यांनी शिकवणी घेतली. "गंज कधी सपाट जागेवर सुरू होत नाही. पाणी जिथे थांबतं तिथे धरतो." म्हणून खालचा अँगल, वेल्डिंगचे सांधे, रिबेटच्या डोक्याभोवती. "बिजागरीत जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे चंदेरी ठेव. आणि कडीला गंज लावू नकोस. रोज हात लागतो ती कडी घासून चकचकीत राहते." मग म्हणाले, "ही बाजू जास्त गंजव. इकडून समुद्राचा वारा येतो." पिट्सबर्गच्या तळघरात, पुठ्ठ्याच्या फाटकाला, पश्चिमेची बाजू! तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे कुठलंतरी फाटक नाही, आमचं फाटक आहे. मी दुसरीत असताना बाबांनी स्वतः अँगल कापून केलेलं. दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, त्याला घासून रंगाचे दोन हात देणं हा त्यांचा नेम. त्या मे महिन्यात ते विमानात होते. पहिल्यांदाच नेम चुकला होता.

घराचं काय करायचं हा विषय आम्हा दोघा भावांमध्ये दोन वर्षं चालू आहे. भाऊ पुण्यात, मी इथे. बाबांपुढे विषय काढला की ते उठून जायचे. त्या दिवशी स्पंज टिपता टिपता त्यांनीच काढला. "मला आता खाली वाकून तो अँगल घासता येत नाही. दोन वर्षं नाही घासला, तर हे असंच दिसेल." फोमच्या फाटकाकडे बोट दाखवून म्हणाले. "एकटा मी तिथे राहीन असं आता वाटत नाही. घर ठेवा असं म्हणत नाही, विका असंही म्हणत नाही. ते तुम्ही दोघं बघा. पण तोपर्यंत फाटकाला वर्षाला एकदा हात द्या. गंजलेल्या फाटकाचं घर बघून येणारा-जाणारा म्हणतो, इथे कुणी नाही."

मी "हो" म्हटलं. आणखी काही बोलायला सुचलं नाही, आणि त्यांनाही ते नको होतं. "हा थर वाळू दे, घाई करू नकोस," म्हणून ते पुढच्या सांध्याकडे वळले.

एकांकिका छान झाली. प्रेक्षकांमधले एक काका मध्यंतरात येऊन फाटकावर बोट फिरवून बोट बघून गेले आणि "हे इंडियातून आणलं कसं?" म्हणून विचारू लागले. शेवटी आमच्या आठ वर्षांच्या कन्येने ते फाटक काखोटीला मारून विंगेत नेलं. बाबा म्हणाले, "आमचं उचलायला चार गडी लागले होते."

नोव्हेंबरमध्ये बाबा परत गेले, ते पुण्याला भावाकडे. डिसेंबरच्या एका शनिवारी सगळे मिळून गावी गेले. तिथे सकाळचे दहा, इथे शुक्रवारी रात्रीचे साडेअकरा. व्हिडिओवर बाबा अंगणात खुर्चीत, भाऊ तारेचा ब्रश घेऊन खाली वाकलेला, पुतण्याच्या हातात रेड ऑक्साइडचा डबा. खालचा अँगल एका कोपऱ्यात पार खाल्ला गेला होता, तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करून घेतला. घराचा निर्णय अजून झालेला नाही. कडीला रंग लावायचा का, असं पुतण्याने विचारलं. बाबा म्हणाले, "नको."

जवळपास राहणाऱ्या कुणाला शिकायचं असेल तर शनिवारी तळघर उघडं असतं. येताना एखादा रिकामा डबा आणि जुना स्पंज घेऊन या. दालचिनी आमच्याकडे आहे.