आपण कोठले?

आगगाडीच्या डब्यांत दोन अपरिचित माणसें समोरासमोर बसलीं म्हणजे पहिला प्रश्न ‘आपण कोठले?’ हाच निघावयाचा. आडनांव, उद्योग, मुलेंबाळें यांची चौकशी मागाहून होते. गंमत अशी कीं, या प्रश्नाचें उत्तर विचारणाऱ्यागणिक बदलत असतें. पुण्यांत कोणी विचारलें तर आम्ही चिंचवड सांगतों, काशीस विचारलें तर पुणें सांगतों, आणि परदेशस्थ पाहुण्यानें विचारलें तर हिंदुस्थान म्हणून मोकळे होतों. यांपैकीं खरें उत्तर कोणतें, हा विचार साठी उलटेपर्यंत आमच्या मनांत कधीं आला नव्हता. तो यंदाच्या जानेवारींत आला.

याला निमित्त आमचा भाचा. चौदा वर्षांपूर्वीं तो नोकरीसाठीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्नला गेला, तेथेंच त्यानें बिऱ्हाड थाटलें, आणि दोन वर्षांपूर्वीं त्या देशाचें नागरिकत्व घेतलें. आपल्या कायद्यानें दुहेरी नागरिकत्व मिळत नाहीं. तेव्हां इकडचा पासपोर्ट त्याला परत करावा लागला. ही वार्ता आल्या दिवसापासून आमच्या वडील भगिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, त्याच्याशीं फोनवर बोलत, प्रकृति विचारीत, नातवाकडून श्लोक म्हणवून घेत. पण त्या विषयाचा एक शब्दहि काढीत नसत. ताईंचें न बोलणें म्हणजे काय, हें आम्ही पन्नास वर्षें ओळखून आहों.

नाताळच्या सुटींत तो सहकुटुंब आला. (तिकडे तेव्हां भर उन्हाळा असतो, हें भूगोलाच्या तासाला मुलांस पटवितांना आमची फार दमछाक होत असे.) २६ जानेवारीस सकाळीं आम्ही, भाचा, सूनबाई व त्यांचा दहा वर्षांचा चिरंजीव असे चौघे मावळ पाहण्यास निघालों. ताई गुडघ्यांची सबब सांगून घरींच राहिल्या. स्टेशनावर पोरें छातीला कागदी झेंडे लावून हिंडत होतीं. आमच्या नातवानेंहि एक मागून घेतला. तेव्हां भाचा म्हणाला, “मामा, आज तिकडेहि झेंड्यांचाच दिवस.” १७८८ सालीं याच तारखेस इंग्रजांनीं सिडनीच्या खाडींत उतरून आपलें निशाण रोविलें, तो ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रदिन. तेथील नागरिकत्वाचा कायदाहि १९४९ च्या याच तारखेस अमलांत आला. तोंपर्यंत तेथील लोक कायद्याच्या दृष्टीनें ब्रिटिश प्रजाजनच होते. नव्या नागरिकांना नगरपालिका समारंभानें शपथ देते, आणि पुष्कळ ठिकाणीं त्या भूमींतल्याच एखाद्या झाडाचें रोपटें त्यांच्या हातीं ठेवते. भाच्यालाहि तसें मिळालें. तें त्यानें परसांत लावलें आहे.

लोणावळ्याच्या लोकलमध्यें खिडकीची जागा मिळाली. देहूरोड मागें पडलें, तळेगांव आलें. तळेगांव सेनापति दाभाड्यांचें. परंतु आम्हीं मुलाला गोष्ट सांगितली ती पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणशीं वर्षाकाठीं एक पैसा जमवून स्वदेशी उद्योग काढण्याची कल्पना मांडली, लोकमान्यांनीं ती उचलून धरली, आणि त्या पैशांतून १९०८ सालीं येथें कांचेचा कारखाना उभा राहिला. आमच्या आजोबांच्या जमाखर्चाच्या जुन्या वहींत तेल, मीठ, पानसुपारी यांच्या ओळींत ‘पैसा फंड’ अशी एक नोंद आम्हीं लहानपणीं पाहिलेली आहे. रुपयाचे तेव्हां चौसष्ट पैसे होत. आजोबा कधीं सभेस गेले नाहींत, तुरुंगांत तर नाहींच. पण ती नोंद दाखवितांना त्यांची मान किंचित् ताठ होत असे.

मुलानें विचारलें, “मग पैसा दिला कीं माणूस इंडियन होत असे?” त्याच्या बापाला वीस प्रश्नांची परीक्षा देऊन नागरिक व्हावें लागलें होतें, म्हणून ही शंका. परीक्षेवरून भाच्यानें एक हकीगत सांगितली, ती आमच्यासारख्या मास्तराच्या मनाला लागून राहिली. १९०१ च्या कायद्यान्वयें, नको असलेला परदेशी माणूस तेथें उतरला कीं अंमलदार त्याला पन्नास शब्दांचें शुद्धलेखन घाली. आणि तें युरोपांतल्या कोणत्याहि भाषेंत, म्हणजे अर्थातच त्या माणसाला येत नसेल अशा भाषेंत! १९५८ पर्यंत ही परीक्षा चालू होती. आम्हींहि तीस-पस्तीस वर्षें शुद्धलेखन घातलें, ऱ्हस्वदीर्घासाठीं मुलें नापासहि केलीं; परंतु असला परीक्षक होण्याचें पाप आमच्या हातून घडलें नाहीं.

मळवलीस उतरून रिक्षानें कार्ल्याच्या पायथ्याशीं गेलों व पायऱ्या चढलों. मावळतीकडचा तो मावळ, अशी व्युत्पत्ति आम्ही वर्गांत बेधडक सांगत असूं. पुढें कार्ल्याच्या शिलालेखांत ‘मामाल’ या रूपानें मावळाचेंच नांव आहे असें पंडितांचें मत वाचनांत आलें, तेव्हां ती मुकाट्यानें मागें घेतली. सातवाहनांच्या वेळीं येथें त्यांचा अमात्य होता. चैत्यगृह सुमारें सवाशें फूट लांब, एवढें मोठें चैत्यगृह हिंदुस्थानांत दुसरें नाहीं. आंत शिरलें कीं आवाज आपोआप उतरतो. खांबांवर दात्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत, आणि आमच्या मतें कार्ल्याचें खरें वैभव त्या चार-चार शब्दांच्या लेखांत आहे. कोणी गांधी आहे, कोणी सुतार आहे. बहुतेक जण आधीं गांव सांगतात, मग नांव, मग दान. कित्येक दाते धेनुकाकट नामक नगरांतले. तें नगर नेमकें कोठें होतें याविषयीं पंडितांत एकमत नाहीं, आणि त्यांतले कांहीं जण स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. एका यवनाचें नांव तर सिंहध्वज अशा धाटणीचें आहे! दूर वनवासीच्या, म्हणजे वैजयंतीच्या, भूतपाल श्रेष्ठीनें मात्र आपला लेख मोठ्या तोऱ्यानें कोरविला: हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं कानडी मुलखांतला एक सावकार मावळांतल्या डोंगरांत उभा राहून तुलनेला एकदम जंबुद्वीप घेतो, हें वाचून आम्हांस दर खेपेस नवल वाटतें.

“ते ग्रीक होते कीं इंडियन?” मुलानें विचारलें.

“त्यांनीं पासपोर्टाचा क्रमांक लिहून ठेवला नाहीं,” भाचा म्हणाला. सर्व हंसलों. परंतु आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. खांब मात्र यवनाचा म्हणून कोणी वेगळा काढलेला नाहीं. दुसऱ्या खांबांच्या रांगेंत तोहि छप्पर धरून उभा आहे.

बाहेर एकवीरेच्या देवळापुढें कोळी मंडळींची दाटी होती. देवी घाटावर आणि तिचीं लेकरें समुद्रकांठीं. चैत्रांत तर तीं पालख्या घेऊन लोटतात. वाद्यांच्या गजरांत आम्हीं ओटी भरली व खालीं उतरलों.

लोणावळ्याविषयीं फारसें लिहीत नाहीं. चिक्की, धुकें व मोटारींची रांग यांची माहिती वाचकांस आहेच. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं स्थापिलेलें कैवल्यधाम बाहेरूनच पाहिलें; जेवण आटोपलें आणि एक मोटार ठरवून प्रथम खंडाळ्याच्या कड्यापाशीं गेलों. खालीं सगळें कोंकण निळसर पसरलें होतें. १८६३ सालीं हा रेलमार्ग खुला झाला. तो फोडतांना एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर येथें राबत होते, आणि साथींनीं मेले त्यांचीं नांवें कोठल्याच खांबावर नाहींत. आम्हीं नातवाला सांगितलें, “तूं उभा आहेस हा देश, आणि तें खालीं दिसतें तें कोंकण.” पोर गोंधळलें. त्याला वाटलें, देशाची हद्द आली! त्याला सांगावें लागलें कीं, आपल्या जुन्या बोलींत देश म्हणजे घाटावरचा मुलूख. त्यावरूनच आम्ही देशस्थ आणि त्याची आई माहेरची कोंकणस्थ. एवढ्या एका कड्यावरून आमच्या थोरल्या पिढीनें एकमेकांच्या मुली नाकारल्या आहेत. सूनबाईंनीं ती गोष्ट मुलापुढें न काढण्याची कृपा केली. ‘देश’ शब्द दिश् धातूपासून आलेला. दिश् म्हणजे दाखविणें. बोट करून दाखवितां येते ती जागा देश.

तेथून दुधिवरे खिंडींतून पवन मावळांत उतरलों. बाजूस लोहगड व विसापूर, समोर पवनेचें विस्तीर्ण जलाशय. मावळाला पाण्यानें वैभव दिलें आणि पाण्यानेंच बेघर केलें. लोणावळ्याच्या तलावांवर १९१५ सालीं खोपोलीस टाटांची वीज निघूं लागली व मुंबईच्या गिरण्या तीवर चालल्या. पुढें दक्षिणेस मुळशीला धरण निघालें, तेव्हां १६ एप्रिल १९२१ या दिवशीं मावळ्यांनीं ‘जान किंवा जमीन’ म्हणून सत्याग्रह आरंभिला. त्यांचे नेते सेनापति बापट. कारावास भोगूनहि त्यांना धरण थांबवितां आलें नाहीं. वीज राष्ट्राची, उद्योग स्वदेशी, आणि जमीन मात्र ज्यांच्या पूर्वजांच्या नांवानें आपण पोवाडे गातों त्यांची! पैसा फंडाचें कौतुक सांगणारे आम्ही, या ठिकाणीं आमची जीभ अडखळते. आजोबांनीं पैसा दिला तो आपल्या हातानें.

पवनेचें धरण स्वराज्यांतलें, १९७० च्या सुमारास पुरें झालेलें. जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरहि पुरता सुटलेला नाहीं. कांठावर एक म्हातारा बाभळीखालीं म्हशी राखीत बसला होता. आम्हीं रामराम केला व संवयीनें विचारलें, “आपण कोठले?”

त्यानें बसल्या जागेवरून पाण्याकडे बोट केलें. “त्या तिथं. ती होडी दिसती न्हवं, तिच्या अंगाला.” मग आमची अडचण ओळखून म्हणाला, “आता ऱ्हातो वरल्या वाडीत. पर गाव त्ये. वाघेश्वराचं देऊळबी पान्यात हाय. उन्हाळ्यात वर येतं. आन् तुमी?”

“चिंचवडचे.”

“म्हंजी आमचंच पानी पिता की,” तो म्हणाला. स्वरांत राग नव्हता. ओळख पटल्यासारखा तो बोलला. आमच्या घरीं नळाला येतें तें पाणी याच धरणाचें. तें बंद नळांतून शहरास नेऊं नये म्हणून ९ ऑगस्ट २०११ रोजीं, म्हणजे क्रांतिदिनीं, बऊर येथें शेतकऱ्यांनीं महामार्ग अडविला, त्या दिवशीं गोळीबारांत तिघे मेले. आम्हीं ती बातमी वर्तमानपत्रांत वाचली, हळहळलों, आणि उन्हाळ्यांत पाणी कमी आलें तेव्हां नगरपालिकेस तक्रारीचा अर्जहि लिहिला. म्हाताऱ्याला हें सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

परततांना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमच्याकडे सभेच्या आरंभीं ही भूमि मूळ कोणाची, त्यांचें नांव घेऊन त्यांना मान देतात. पहिल्यांदा मला तो नुसता उपचार वाटे.” इंग्रज उतरल्याला दीडशें वर्षें झालीं तेव्हां, १९३८ सालीं, तेथील मूळ रहिवाशांनीं हाच २६ जानेवारी शोकदिन म्हणून पाळला. ही भूमि पूर्वीं कोणाच्याच मालकीची नव्हती, हें तत्त्व तेथील वरिष्ठ न्यायालयानें १९९२ सालीं खोटें ठरविलें. “शपथ घेतांना झेंडे, टाळ्या, सगळें होतें,” तो म्हणाला. “बाहेर आलों तर रस्त्यावरून त्यांचा मोर्चा चालला होता. हातांत रोपटें घेऊन मी फुटपाथवर उभा राहिलों. पुढें जावें कीं थांबावें, कळेना. आईला हें सांगावयाचें होतें. तिनें विचारलेंच नाहीं.”

आम्हांस वाटतें, म्हाताऱ्याला गांव कोणतें असें विचारलें तर तो मरेपर्यंत पाण्याकडेच बोट करील. आणि भाच्याला दोन्हीकडे बोट करावें लागेल, तेंहि थोडें बिचकत. यांत कोणाची निष्ठा उणी, हें ठरविण्याचा अधिकार तेंच पाणी पिणाऱ्या आम्हांस कितपत आहे?

कामशेतला गाडी धरली, तेव्हां दिवे लागले होते. घरीं पोंचलों तों ताई अंगणांत उभ्या. मुलानें एका दमांत सर्व सांगितलें: ग्रीकांचे खांब, देशाचा कडा, पाण्याखालचें गांव, आणि तें देऊळ वैशाखांत वर येतें तेव्हां आपण पुनः यावयाचें. ताईंनीं त्याच्या छातीचा चुरगळलेला झेंडा काढून नीट घडी केला व देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. पानें वाढलीं. भाताला तूप वाढतांना त्या मुलाकडे न पाहतां म्हणाल्या,

“तें झाड दिलें होतें म्हणतोस, तें केवढें झालें रे?”

“खांद्याला लागतें, आई,” तो म्हणाला. “यंदा फुलें आलीं.”

“कसलीं?”

मग त्यानें खिशांतून फोन काढला, आणि ताई तुपाचें भांडें तसेंच हातांत धरून, चष्मा शोधूं लागल्या.