पहिला चीक

आमची गाय व्याली की घरात पहिली आठवण खरवसाची. गेल्या श्रावणात मी तांब्या घेऊन गोठ्याकडे धावले, तर आईने वाटेतच अडवले. “पयलो चीक वासराचो. उरात तो आपलो.” मला ती नुसती माया वाटली.

उरलेल्या चिकात दूध, गूळ, वेलची घालून तिने वाफेवर ठेवले. थोड्याच वेळात खरवस थरथरत उभा! ना विरजण, ना लिंबू. साधे दूध कितीही तापवले तरी असे घट्ट होत नाही. मग चीकच का?

विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीने उलगडून सांगितले. दुधात प्रथिने सुमारे ३ टक्के, पहिल्या चिकात १४ च्या आसपास. त्यांत मोठा वाटा रोगप्रतिकारक प्रथिनांचा. सुमारे ७० अंशांपुढे त्यांच्या घड्या सुटतात, ती एकमेकांत गुंततात. कॅल्शियमचे धनभारित आयन ऋणभारित साखळ्यांना सांधतात. त्या जाळ्यात पाणी अडकते, आणि खरवस बसतो.

पण हीच प्रथिने वासराची ढाल आहेत. ती घेऊन ते जन्मत नाही, आणि त्याचे आतडे ती जेमतेम पहिले २४ तास रक्तात घेऊ शकते. माझा तांब्या आधी भरला असता तर?

शाळा न पाहिलेल्या आईला मी हे सारे सांगितले. ती म्हणाली, “तां माका ठावक नाय. पण वासराच्या तोंडचा काढूचा नसता.”

त्या दिवशी वाट्याला एकच वडी आली. पुरली.